वीस मतं

हेडली डर्नफर्ड गेला आणि पिंचर आर्ममध्ये त्याला एकही शत्रू उरला नाही. होता तेव्हा अर्धं गाव त्याच्याशी बोलत नव्हतं आणि उरलेलं अर्धं बोलून पस्तावत होतं. सहा आठवडे झाले नाहीत तोच जो तो डोळ्याला रुमाल लावून सांगू लागला की असा माणूस पुन्हा होणे नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मी तरी कुठे वेगळी आहे? माझ्या दुकानातून मी त्याला दोनदा बाहेर काढला होता, आणि त्याच्या प्रेतयात्रेत सगळ्यांत मोठे हुंदके माझेच होते.

पण हा उमाळा नुसत्या प्रेमाचा नव्हता, हेही सांगायला हवं. मंगळवारी मतदान होतं.

सरकारची योजना अशी : गावातल्या कायम रहिवाशांपैकी नव्वद टक्के लोक 'हो' म्हणाले, तर घरटी अडीच लाख डॉलर मिळणार, मग वीज तोडणार, बोट थांबवणार, गाव बंद. 'नाही' म्हणालात तर आहे तसं चालू, म्हणजे रस्ता नाहीच, आठवड्यातून तीनदा बोट, तीही वारा पडला तर. मागच्या मतदानात आम्ही बावीस जण होतो, वीस मतं लागत होती, अठरा पडली. चार 'नाही' कोणाचे हे सांगायला मतपेटी उघडायचीही गरज नव्हती. हेडली, त्याची बायको एफी, धाकटा भाऊ चेस, आणि चेसची बायको ट्रिफी, जी लग्नानंतर एकदाही चेसच्या आधी बोललेली नाही.

या खेपेला यादीत वीस नावं. हेडली नाही, आणि एफीच्या शेजारचा गार्फ कीपिंग नाही. गार्फ जिवंत आहे. पण त्याच्या किडन्या गेल्या. ऑक्टोबरपासून तो मोठ्या गावात मेहुणीच्या सोफ्यावर झोपतो आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. इतके महिने बाहेर राहिला म्हणून सरकारच्या लेखी तो आता इथला नाही. ज्याला इथून निघायची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच मत नाही! तर विसांपैकी अठरा हवी होती, सतरा पक्की होती, आणि घोडं अडलं होतं एफीपाशी.

म्हणून सहा आठवडे एफीच्या ओट्यावर भांड्यांची रांग लागली होती. मूस हरणाच्या मांसाचं सूप, माशाच्या टिक्क्या, काकवीचा पाव. दर भांड्यामागे एक उसासा, आणि उसाशाच्या शेवटी हळूच, "मग, काय ठरवलंस गं?"

एफी म्हणायची, "भांडं धुऊन पाठवते."

*

रविवारी दुपारी तिच्याकडे घरचे सगळे जेवायला होते. खारं बीफ, कोबी, सलगम, बटाटे सगळं एका पातेल्यात, आणि कापडात बांधून त्यातच उकडलेली वाटाण्याची डाळ. हेडलीची खुर्ची रिकामी ठेवायची की नाही यावर आधी दहा मिनिटं वाद झाला. शेवटी चेस तीत बसला, कारण उरलेल्या खुर्च्यांचे पाय हलत होते.

मुलगा कॅल्विन आणि मुलगी ग्लेनिस शनिवारच्या बोटीने आले होते. दोघंही आईला धीर द्यायला आलो असं सांगत होते, आणि दोघांनीही बोटीवर एकमेकांशी बोलणं टाळलं होतं.

"आई, तू काही बोलू नकोस, मी बोलते," ग्लेनिस म्हणाली.

"मी कुठे काय बोलले?" एफी कोबी वाढत म्हणाली.

"बाबांनी उभं आयुष्य या गावासाठी घालवलं. आणि त्यांची माती वाळली नाही तोच लोक तुला 'हो' म्हणायला सांगतात? इंटरनेटवरच्या माझ्या पानावर रोज लोक लिहितात, हे गाव वाचलंच पाहिजे. चार हजार लोक आहेत, आई!"

"त्यांना म्हणावं, फेब्रुवारीत या," कॅल्विन म्हणाला. "चार हजारांतले चौघं जरी आले तरी आपली शाळा पुन्हा उघडेल."

"तुला थट्टाच सुचणार."

"थट्टा नाही. तू शेवटचा हिवाळा इथे काढलास तेव्हा अठरा वर्षांची होतीस. शहरात बसून, नळाला गरम पाणी असताना, उंटावरून शेळ्या हाकायच्या."

ग्लेनिसचे डोळे भरले. शहरातल्या शाळेत ती शिकवते, एकटी राहते, आणि दर संध्याकाळी पडवीत बसलेल्या बापाचा फोटो बघते. सगळं शहर बदलतं, भाडं वाढतं, माणसं येतात-जातात. हे एक घर जागच्या जागी आहे, एवढ्या भरवशावर ती उभी होती. इथे राहायचं मात्र तिला कधीच नव्हतं, आणि हे तिला स्वतःला माहीत होतं, म्हणूनच ती इतकी चिडत होती.

"आणि तू?" ती म्हणाली. "दर ख्रिसमसला येतोस, ती हत्तीएवढी गाडी पलीकडच्या धक्क्यावर उभी करून. अल्बर्टात तेलाच्या पैशावर..."

"गाडीचं नाव काढू नकोस."

"काढणार!"

"माझ्या भावाने," चेस मध्येच घसा साफ करून म्हणाला, "सव्वीस वर्षं गावच्या समितीत राहून हे गाव खांद्यावर वाहिलं."

"चेसकाका, त्या सव्विसांतली अकरा वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हता."

"ते जाळ्याच्या भांडणावरून. गावावरून नाही."

"जाळ्यावरूनच," ट्रिफी म्हणाली.

कॅल्विनने ताट पुढे सरकवलं. ऑक्टोबरात कंपनीने त्याला घरी बसवलं होतं, आणि गाडीचे हप्ते तीन महिने थकले होते. आईने 'हो' म्हटलं तर ती आपल्यापाशी येईल, मिळालेल्या पैशात एखादं लहान घर घेता येईल, मागची एक खोली आपली... असा हिशोब तो बोटीवर करत आला होता. आणि हिशोब करताना स्वतःची त्याला लाज वाटत होती. म्हणून तो बहिणीवर जास्तच ओरडत होता.

"प्रश्न सरळ आहे," तो म्हणाला. "रस्ता असता, तर बाबा आज जिवंत असते. उनामावशीने ते लिहिलं तर सगळ्यांना राग आला, पण लिहिलं ते खरंच."

हे नाव निघाल्याबरोबर टेबलाभोवती कोणी मान वर करेना.

उना कीपिंग म्हणजे गार्फची बायको. एफी आणि उना एकाच आठवड्यात जन्मल्या, शेजारी-शेजारी घरात नांदल्या, साठ वर्षं सकाळी दहाचा चहा एकीच्या नाहीतर दुसरीच्या स्वयंपाकघरात झाला. मागच्या मतदानात नवरे समोरासमोर उभे असताना या दोघी मात्र एकाच छत्रीतून मत द्यायला गेल्या होत्या. पण या मार्चमध्ये उनाने मंत्र्याला पत्र लिहिलं, आणि त्याची एक प्रत माझ्या दुकानातल्या फळ्यावर लावली. 'बोटीची वाट बघत हेडली डर्नफर्ड गेला. अजून किती जणांनी जायचं?' एफी साखर घ्यायला आली होती. तिने ते वाचलं, साखर तशीच टाकली आणि निघून गेली. त्या दिवसापासून दहाचा चहा बंद. तीन आठवडे दोघी आपापल्या खिडकीतून एकमेकींच्या धुराड्याकडे बघत होत्या.

"खरं की खोटं, ते मी ठरवीन," एफी म्हणाली. "कोणाला अजून डाळ?"

तेवढ्यात दार वाजलं.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. पिंचर आर्ममध्ये दार वाजवत नाहीत. दार ढकलायचं, "आहेस का गं?" म्हणायचं आणि चुलीपाशी जाऊन बसायचं. दार वाजवतात ते पोलीस, पाद्री आणि वसुलीवाले. माझ्या आठवणीत एफीचं दार एकदाच वाजलं होतं, तिचा भाऊ समुद्रात गेला त्या दिवशी.

चेसला वाटलं पाद्री. ग्लेनिसला वाटलं कोणी पत्रकार. कॅल्विनच्या हातातला काटाच खाली पडला. हप्ते वसूल करायला माणसं इथपर्यंत येऊ शकतात का, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

दाराबाहेर उना उभी होती. ती चार वेळा अंगणातून परत फिरली होती. नेहमीसारखं दार ढकलायला तिने हात पुढे केला, आणि तिला वाटलं, आपल्याला आता तो हक्क नाही. मेलेल्या माणसाचं नाव आपण फळ्यावर टांगलं. म्हणून तिने मूठ वळून दोनदा लाकडावर मारली, आणि मारल्याबरोबर तिला कळलं की हे त्या पत्रापेक्षाही वाईट झालं.

एफीने दार उघडलं.

"तू दार वाजवलंस?"

"वाजवलं."

"माझं दार?"

"एफी, मी फळ्यावरचं ते पत्र काढून टाकलंय. तेवढं सांगायला आले. आणि मी गुरुवारच्या बोटीने चाललेय. गार्फला एकट्याला नाही जमत आता. मत काहीही पडो, मी जाणार."

"कुठे राहशील?"

"बघीन. एक खोली बघितलीय हॉस्पिटलच्या मागे. महाग आहे."

"आणि घर?"

"घराला काय, कुलूप लावायचं. विकत घेणारा वेडा अजून जन्माला यायचाय."

एफीने हात धरून तिला आत ओढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मागे टेबलाशी चार माणसं कान टवकारून बसली होती, आणि ती दोनदा झालेली टकटक एफीच्या जिव्हारी लागली होती.

"मत मागायला आलीस ना? सरळ सांग की."

"नाही गं. मत तुझं तुझ्यापाशी."

"मग ऐकून जा! माझं मत हेडलीच्या मताबरोबर. मागच्या वेळी होतं, आताही आहे. सांग जाऊन सगळ्यांना."

उनाने मान हलवली आणि उतारावरून खाली गेली. तिला कोणाला सांगावंच लागलं नाही. एफी एवढ्या मोठ्याने बोलली होती की खालच्या वाटेवरून जाणाऱ्या दोघांनी ते ऐकलं, आणि चहा व्हायच्या आत गावाला कळलं की संपलं, या खेपेलाही ठराव पडणार.

*

"शाब्बास!" चेस म्हणाला. "हेडलीची बायको शोभतेस."

"चेस, तू गप्प बस," एफी म्हणाली, आणि ती अशी बसली की खुर्ची करकरली. "शोभते काय, शोभते! तुला माहीत आहे तो कसा गेला ते?"

"वारा होता. हेलिकॉप्टर उतरेना, बोट सुटेना..."

"ते गुरुवारी. सोमवारी काय होतं?"

चेस ताटाकडे बघू लागला.

"सोमवारी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा होता. बोट आली, बोट गेली. शनिवारपासून त्याच्या छातीत दुखत होतं. मी बॅग भरली होती, कॅल्विन. तुझ्या बाबांचा दाढीचा ब्रश, पायमोजे, सगळं. आणि तो म्हणाला, बुधवारी समितीची बैठक आहे, बोटीच्या फेऱ्या कमी करतायत, त्याला विरोध करायचाय. म्हणाला, आधी बोट वाचवतो, मग त्याच बोटीने जातो."

"मला म्हणाला गॅस झालाय," चेस पुटपुटला. "बैठकीत म्हणाला. सोडा पीत होता."

"आणि मी बॅग रिकामी केली. सव्वीस वर्षं त्याच्याशी वाद घालून दमले होते, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, बुधवार तर बुधवार. त्याला बोटीने मारलं नाही, सरकारने मारलं नाही. त्याच्या हट्टाने मारलं, आणि मी ब्रश परत कपाटात ठेवला." ती रडत नव्हती, रागाने थरथरत होती. "आणि आता हे म्हणतात, रस्ता नव्हता म्हणून गेला, 'हो' म्हण. ते म्हणतात, गावासाठी गेला, 'नाही' म्हण. माझ्या नवऱ्याचं झेंड्याचं कापड केलंय मेल्यांनी!"

ग्लेनिस उठली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. चार हजार लोकांना ती रोज काही ना काही लिहीत होती. त्यांतलं एकही वाक्य आता तिच्या उपयोगी पडेना.

"आई," कॅल्विन म्हणाला, "मला कामावरून काढलंय."

"डिसेंबरपासून माहीत आहे. फोनवर तू हवामानाबद्दल बोलायला लागलास तेव्हाच कळलं."

"मला वाटलं होतं, तुला पैसे मिळाले तर..."

"तेही माहीत आहे. गाडी विक." तिने त्याच्या ताटात एक बटाटा ठेवला. "आणि जेव. घरातल्या सगळ्यांना माझं मत हवंय. मला काय हवंय हे कोणीच विचारलं नाही. उनानेही नाही, पण तिने निदान काही मागितलं नाही."

हे बोलताना तिला स्वतःलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. ट्रिफीने उठून भांडी गोळा केली.

*

मंगळवारी मतदान शाळेत झालं. शाळेत मुलं नाहीत याला सहा वर्षं झाली. फळ्यावर अजून कोणाच्या तरी हाताने लिहिलेला सातचा पाढा आहे. सरकारी बाई बोटीने पेटी घेऊन आली होती. तिला आमच्या वाऱ्याची सवय नव्हती, डोक्यावरची टोपी तिने आतही काढली नाही.

एफी अकराच्या सुमारास आली, काळा कोट घालून. आम्ही बाजूला होऊन तिला वाट दिली. कोणी तिच्या खांद्याला हात लावला, कोणी मान लववली. एवढा मान हेडलीला जन्मात मिळाला नव्हता.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती पेन्सिल हातात धरून उभी राहिली. तिच्यापुढे प्रश्न एकच होता : हेडलीचा शब्द राखायचा, की उनाला सोडवायचं. 'हो' लिहिलं तर घर जाणार, टेकडीवरची हेडलीची कबर गवताखाली जाणार, आणि चेस मरेपर्यंत बोलणार नाही. 'नाही' लिहिलं तर उना रिकाम्या हाताने बोटीत बसणार. तिने मनात नवऱ्याला सांगितलं, 'तुझ्या समितीला सव्वीस वर्षं दिली, हेडली, आणि शेवटचा सोमवारही दिला. हे मत मी देणार नाही तुला.' आणि तिने 'हो'च्या चौकोनात फुली मारली, इतक्या जोराने की कागद फाटायचाच बाकी राहिला.

बाहेर येऊन ती कोणाशी काही बोलली नाही. आम्हाला वाटलं, दुःखी आहे बिचारी.

दुपारी चार वाजता सरकारी बाईने पेटी उघडली. मोजणी बघायला सगळं गाव बाकांवर बसलं होतं, मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून. बाई एकेक कागद उचलून वाचू लागली. हो. नाही. नाही. हो. नाही.

तिसऱ्या 'नाही'पर्यंत कोणाला काही वाटलं नाही. चेस, ट्रिफी, एफी, झाले तीन. चौथा निघाला तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. सातव्याला कोणीतरी खोकलं. शेवटी बाईने चष्मा पुसून आकडा सांगितला.

"हो नऊ. नाही अकरा."

ते नाही कुठून आले? खोटं कशाला बोलू, त्यातलं एक माझं होतं. मी असा विचार करून गेले होते की एफी 'नाही' म्हणणार, हे तर तिने दारात उभं राहून ओरडून सांगितलंय. म्हणजे ठराव पडलेलाच आहे. मग माझ्या 'हो'ने कोणाचं काय भलं होणार? त्यापेक्षा एवीतेवी वाया जाणारं मत बिचाऱ्या हेडलीच्या नावाने टाकावं. दुकानातून हाकललं होतं त्याला, तेवढीच भरपाई. अंत्यविधीला फुलं न्यायची राहिली होती, ती मतपेटीत वाहिली समजा. आणि मला वाटलं, हे सुचलेली मी एकटीच. गाव एवढं मनाचं मोठं निघेल, हे कोणाच्या स्वप्नात आलं असतं?

"योजनेच्या नियमाप्रमाणे," बाई कागद गोळा करत म्हणाली, "पुढचं मतदान तीन वर्षं घेता येणार नाही."

मग जो तो एफीपाशी जाऊन तिचे हात धरू लागला. "हेडलीसाठी गं." "त्याच्या आत्म्याला शांती." "मी पण बरं का, मी पण." कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण तिच्यावर मोठे उपकार केले. चेसने तर तिला मिठी मारली. एफीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने कोणाचेच आभार मानले नाहीत. ती गर्दीतून वाट काढत बाहेर गेली.

उना शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती.

"अभिनंदन," उना म्हणाली. रागाने नाही, थकून.

"मी 'हो' टाकलं."

उनाने वर बघितलं.

"थट्टा करू नकोस, एफी. आज नको."

"हेडलीची शपथ. 'हो' टाकलं. तुझ्यासाठी. आणि आत ती माकडं एकेक करून मला सांगतायत की त्यांनी हेडलीसाठी..." एफी पायरीवर तिच्या शेजारी बसली. "तुझ्याबरोबरच्या सगळ्यांनी दगा दिला गं तुला. एकेकाचं नाव काढीन."

उना बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिली.

"उना?"

"मी पण," उना म्हणाली.

"मी पण काय?"

"मी पण 'नाही' टाकलं."

"देवा!"

"तू म्हणालीस ना दारात! म्हटलं, हरलोच आहोत. मी त्याचं नाव फळ्यावर टांगलं, तुला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. जाताना निदान एक काम तुझ्या मनासारखं करावं. तुला कधी सांगणारही नव्हते."

"आणि गार्फ?"

"गार्फला मी काय सांगू, तेच बघतेय इथे बसून."

"गाढव आहेस तू, उना कीपिंग."

"आहे."

"जन्मजात."

"तू तीन दिवसांनी मोठी आहेस माझ्यापेक्षा, तू शिकवायचं होतंस." आणि उना हसायला लागली, आणि हसता हसता ढसाढसा रडली. एफीने तिचं डोकं आपल्या काळ्या कोटात घेतलं. एफीही रडली, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, आणि ते हेडलीसाठी होतं की उनासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, "त्या खोलीला भाडं किती म्हणालीस?"

*

गुरुवारी दुपारी वारा पडला आणि बोट आली. उनाला निरोप द्यायला सगळं गाव धक्क्यावर होतं. ज्यांनी तिचं नुकसान केलं त्यांनीच तिच्यासाठी जास्त डबे आणले होते. माझा केक सगळ्यांत मोठा होता. ग्लेनिस आणि कॅल्विन आधीच वर चढून उभे होते.

तेवढ्यात एफी उतारावरून आली. हातात हेडलीची जुनी बॅग, मागे हातगाडीवर दोन खोकी आणि शिवणयंत्र.

"अगं, हे काय?" चेस म्हणाला. "चार दिवसांसाठी एवढं सामान?"

"चार दिवसांसाठी नाही. गार्फला बघायला दोघी लागतील. भाडं निम्मं-निम्मं, माझ्या पेन्शनीत बसतंय."

"आणि घर?"

"किल्ली ट्रिफीकडे दिलीय."

चेसने ट्रिफीकडे बघितलं. ट्रिफीने समुद्राकडे बघितलं.

"एफी," चेसचा आवाज चढला, "हेडलीच्या शब्दाखातर सगळ्या गावाने मत फिरवलं. आपापल्या पैशावर पाणी सोडलं लोकांनी, तुझ्यासाठी! आणि तू सोडून चाललीस?"

एफीने बॅग खाली ठेवली. ती आमच्याकडे वळली. रागवेल असं वाटलं, पण ती रागावली नाही.

"चेस, ते नऊ 'हो' निघाले ना, त्यातलं एक माझं होतं."

उना मान खाली घालून केकचा डबा घट्ट धरून उभी होती. मी मनात बेरीज केली, आणि माझ्या शेजारचेही तेच करत होते, ओठ हलताना दिसत होते. पडलेले 'हो' नऊ. अकरा 'नाही'तले चेस-ट्रिफीचे दोन सोडले, तर हेडलीला वाहिलेले नऊ. नऊ आणि नऊ अठरा. अठराच लागत होते.

एफीने बॅग उचलली, उनाचा दंड धरला आणि दोघी फळीवरून वर गेल्या. बोटीवरच्या माणसाने दोर सोडायला घेतला. मग आम्ही सगळे तसेच उभे आहोत हे बघून तो थांबला.

"अजून कोणी येणार आहे का?" त्याने ओरडून विचारलं.